उतारशाळेचा रखवालदार

बारावीचे आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामांत आनंदाची एक लाट येते. रविवारच्या मिस्सानंतर देवालयाच्या आवारात पेढे वाटले जातात, धर्मगुरू यशस्वी मुलांची नावे घेऊन त्यांचे अभिनंदन करतात, आणि ‘आमची मुलगी डॉक्टर होणार’ हे वाक्य आईवडिलांच्या तोंडून कृतज्ञतेने बाहेर पडते. या आनंदात खोटे काही नाही. ज्या घरातले आजोबा गिरणीत राबले आणि वडील साकीनाक्याच्या एखाद्या कारखान्यात यंत्रासमोर उभे राहिले, त्या घरात डॉक्टर निपजणे ही तीन पिढ्यांच्या कष्टांची फलश्रुती असते. परंतु पाच-सहा वर्षांनी, पेढ्यांची गोडी विसरल्यावर, त्याच घरात दुसरा प्रश्न उभा राहतो. डॉक्टर तर झालीस. आता कशाची डॉक्टर होणार?

हा दुसरा प्रश्न आपण केवळ व्यवहाराचा समजतो. कोणत्या शाखेत मिळकत अधिक, कोणत्या शाखेत रात्रीची झोप शाबूत राहते, कोणत्या शाखेत स्वतःचा दवाखाना लवकर थाटता येतो, याचा हिशेब मांडला जातो. वस्तुतः हा प्रश्न नैतिकही आहे. ज्याला बुद्धी आणि हस्तकौशल्य यांचे दान लाभले आहे, त्याने ते जेथे गरज सर्वांत मोठी तेथेच वाहिले पाहिजे, असे बंधन त्याच्यावर आहे काय? मोबदला थोडा, श्रम अपार आणि प्रसिद्धी जवळजवळ नाहीच, अशी वाट सोडून त्याने सुखाची वाट धरली तर तो दोषी ठरतो काय? हा विचार हवेत राहू नये म्हणून वैद्यकशास्त्राची एकच लहानशी शाखा समोर ठेवून तो करणे बरे. ती शाखा म्हणजे लहान मुलांच्या, विशेषतः नवजात अर्भकांच्या, अन्नमार्गावरील शस्त्रक्रियेची.

मातेच्या उदरात बाळाचा अन्नमार्ग घडत असताना कधी कधी त्यात उणीव राहते. कुणाची अन्ननलिका मध्येच तुटलेली असते आणि बहुधा तिचे खालचे टोक श्वासनलिकेला जोडले गेलेले असते. अशा बाळाला पहिला घोट पाजला की ते गुदमरते. कुणाचे आतडे एखाद्या ठिकाणी बंद असते. कुणाला गुदद्वारच नसते. कुणाच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी उतरलेल्या नसतात, त्यामुळे तो भाग मल पुढे ढकलू शकत नाही आणि पोट फुगत जाते. कुणाच्या यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नलिका बुजून जातात आणि कावीळ हटता हटत नाही. तुटलेली अन्ननलिका, गुदद्वाराचा अभाव आणि मज्जापेशींचा अभाव यांपैकी प्रत्येक व्यंग साधारणपणे चार-पाच हजार जन्मांमागे एकदा आढळते. आकडा लहान वाटतो. पण मुंबईत वर्षाला लाखाहून अधिक बाळे जन्मतात, हे ध्यानात घेतले म्हणजे यांतल्या एकेका व्यंगाची निदान वीस बाळे दरवर्षी या एका शहराच्या पदरी येतात असे दिसेल. त्यांच्यावर करावयाची शस्त्रक्रिया म्हणजे दोन-अडीच किलो वजनाच्या जिवाच्या शरीरातील, पेन्सिलीहून बारीक अशा नळीची दोन टोके जुळवणे.

साकीनाक्याचेच उदाहरण घेऊ. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरची वाहनांची कोंडी, २०१४ सालापासून डोक्यावरून धावणारी मेट्रो, खैरानी रोडच्या गल्ल्यांतले लहानमोठे कारखाने आणि त्यांच्या आसऱ्याने राहणारी, देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे, हे चित्र आपल्या परिचयाचे आहे. समजा, या वस्तीतल्या एखाद्या लहान नर्सिंग होममध्ये पहाटे बाळ जन्मले आणि त्याच्या तोंडाला सतत फेस येऊ लागला. तेथल्या डॉक्टरांनी वा परिचारिकेने ते वेळीच ओळखले, तर बाळाला काही न पाजता शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात किंवा परळच्या केईएम अथवा वाडिया रुग्णालयात हलवले जाईल. न ओळखले, तर दूध पाजून पाहिले जाईल, ते फुप्फुसांत उतरेल, आणि दोन दिवसांनी बाळ मोठ्या रुग्णालयाच्या दारी पोहोचेल तेव्हा न्यूमोनियाने घेरलेले असेल. व्यंग एकच, शहर एकच. आणि जगणे व मरणे यांच्यातले अंतर काही तासांचे.

अशा बाळावर शस्त्रक्रिया करू शकणारा माणूस तयार होण्यास किती काळ लागतो? बारावीनंतर एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, जनरल सर्जरीतील एम.एस.ची तीन वर्षे, आणि बालशल्यचिकित्सेतील एम.सीएच.ची आणखी तीन वर्षे. प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी देशपातळीवरची चढाओढीची परीक्षा. एम.बी.बी.एस.नंतर थेट सहा वर्षांचा एक अभ्यासक्रमही आहे, पण वर्षांची बेरीज तेवढीच भरते. शासकीय महाविद्यालयात शिकलेल्यांना बंधपत्राची सेवा असते ती निराळी. म्हणजे अठराव्या वर्षी निघालेली मुलगी, सर्व काही सुरळीत पार पडले तरी, तिशी गाठल्यावरच स्वतंत्रपणे हातात शस्त्र धरते. त्यानंतर यकृताचे विकार, दुर्बिणीतून करावयाच्या शस्त्रक्रिया किंवा गुदद्वाराच्या अवघड रचना यांत नैपुण्य मिळवायचे, तर ज्येष्ठांच्या हाताखाली आणखी एक-दोन वर्षे काढावी लागतात. एव्हाना तिच्या बरोबरीच्या मैत्रिणींनी घराचे निम्मे हप्ते फेडलेले असतात.

आणि वाट संपल्यावर पुढे काय? रुग्ण थोडे, त्यांतले बरेचसे गरीब घरांतले. काम वेळीअवेळी येणारे. आणि एकट्याने चालवता येईल असा हा व्यवसाय नव्हे. बाळाला भूल देण्यात तयार असलेला तज्ज्ञ, काचेची पेटी, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, रात्रभर जागणाऱ्या परिचारिका, यांच्यावाचून सर्वोत्तम शल्यचिकित्सकाचे हातही निरुपयोगी ठरतात. परिणाम असा, की ज्या देशात एम.बी.बी.एस.च्या एकेका जागेमागे वीसएक उमेदवार झगडतात, त्याच देशात बालशल्यचिकित्सेच्या एम.सीएच.च्या जागा गेल्या काही वर्षांत प्रवेशाच्या फेऱ्यांमागून फेऱ्या होऊनही रिकाम्या राहू लागल्या आहेत.

या रिकाम्या जागांकडे पाहून दोन मते मांडली जातात. पहिले मत असे, की व्यवसायाची निवड ही सर्वस्वी ज्याची त्याची बाब आहे. ज्याने पंधरा वर्षे पुस्तकांत घालवली, त्याला आता कुणी उपदेश करू नये. दुसरे मत तितकेच ठाम आहे. ते तालांतांच्या दृष्टांताचा आधार घेते, आणि ज्याला अधिक मिळाले त्याच्याकडून अधिक मागितले जाईल, या प्रभूच्या शिकवणीकडे बोट दाखवते. या मतानुसार कुशल हात असलेल्याने सुखाची शाखा निवडणे म्हणजे तालांत जमिनीत पुरणेच होय.

पहिले मत अपुरे आहे. डॉक्टर घडवण्यात केवळ त्याचे स्वतःचे कष्ट खर्ची पडत नाहीत. शासकीय महाविद्यालयात समाजाचा पैसा असतो, आणि ज्या गरीब रुग्णांच्या अंगावर तो टाके घालायला शिकतो त्यांचे ऋण तर कोणत्याच वहीत नोंदलेले नसते. पण दुसरे मतही मला निःसंकोचपणे स्वीकारता येत नाही. ख्रिस्तसभेने आज्ञा आणि सुवार्तिक सल्ला यांत पूर्वापार भेद केला आहे. खून करू नको, चोरी करू नको, या आज्ञा सर्वांवर सारख्याच बंधनकारक आहेत. सर्वस्व सोडून माझ्यामागे ये, हे मात्र पाचारण आहे. ते ऐकू आलेल्याने स्वतःच्या अंतःकरणात उत्तर द्यायचे असते, शेजाऱ्यांनी ते त्याच्याकडून वसूल करायचे नसते. तालांतांचा दृष्टांत आपण बहुधा दुसऱ्यांच्या मुलांना ऐकवतो. स्वतःच्या मुलीला वार्षिक मिळकतीचा आकडा सांगणारे आपणच दुसऱ्याच्या मुलीकडून त्यागाची अपेक्षा करतो, यातली विसंगती ध्यानात येताच या मताचा जोर ओसरतो.

मग बंधन कुणावर आहे? याचे उत्तर शोधताना चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतातील एका दुर्लक्षित पात्राकडे वळावेसे वाटते. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या रस्त्यावर लुटला गेलेला मनुष्य अर्धमेला पडला होता. याजक आणि लेवी त्याला पाहून बाजूने निघून गेले. ते दोषी होते, कारण गरज त्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि मदत त्यांच्या हातात होती. शोमरोन्याने जखमा बांधल्या, जखमी मनुष्याला आपल्या जनावरावर बसवले, आणि त्याला उतारशाळेत नेले. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार देऊन, अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडण्याचे वचन देऊन, तो आपल्या वाटेने गेला. प्रवचनांत आपण शोमरोन्याच्या दयेचे वर्णन ऐकतो. रखवालदाराबद्दल मात्र कुणी बोलत नाही. ताप उतरेपर्यंत त्या अनोळखी मनुष्याच्या उशाशी पुढे कोण बसले असेल?

त्या रस्त्यावर उतारशाळा नसती तर शोमरोन्याची करुणा सूर्यास्तालाच संपली असती. तेल व द्राक्षारस ओतून तो निघून गेला असता आणि जखमी मनुष्य रात्रीच्या थंडीत गतप्राण झाला असता. आणि तरीही, त्या निर्जन रस्त्यावर उतारशाळा चालवली नाही म्हणून यरुशलेममधल्या कोणत्याही एका माणसाला आपण पापी ठरवू शकत नाही. समोर पडलेल्या जखमीला टाळणे हे पाप. पण आयुष्यभर त्या रस्त्यावर राहण्याचा वसा घेणे हे पाचारण. उतारशाळा असावी, ही जबाबदारी मात्र त्या रस्त्याने ये-जा करणाऱ्या सर्वांची आहे. बालशल्यचिकित्सक हा असा उतारशाळेचा रखवालदार आहे. त्याची जागा रिकामी राहिली तर दोष ती जागा न घेणाऱ्या एका विद्यार्थ्याचा नव्हे. दोष तिच्यावर बसणाऱ्याला एकटे सोडणाऱ्या आपणा सर्वांचा आहे.

हे केवळ रूपक नाही. परळचे बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय १९२९ साली सुरू झाले, ते वाडिया कुटुंबाच्या दानातून. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या आणि मुंबईबाहेरच्या गरीब मुलांना तेथे उपचार मिळाले. डिसेंबर २०१७ मध्ये याच रुग्णालयात पोटाशी जोडलेल्या जुळ्या बाळांना विलग करण्यात आले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची योग्य ती दखल घेतली. पुढे जानेवारी २०२० मध्ये मात्र अनुदानाच्या थकबाकीच्या वादातून हेच रुग्णालय बंद पडण्याची वेळ आली. लोक रस्त्यावर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले, आणि निधी मिळाल्यावर काम पूर्ववत झाले. कुशल हात तेच होते, दुखणाईत बालकेही तीच होती. प्रश्न पडला होता तो दोन दीनारांचा.

रखवालदाराच्या कामात आणखी एक गोष्ट येते, आणि ती आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. अधिक खर्च झाला तर फेडीन, असे शोमरोन्याने सांगितले, तेव्हा रखवालदाराला हिशेब ठेवणे प्राप्तच होते. वैद्यकशास्त्रात या हिशेबाला संशोधन म्हणतात. पुष्कळांच्या मनात अशी शंका असते, की बाळे दारात तडफडत असताना डॉक्टरने कागदपत्रे, नोंदी आणि निबंध यांत वेळ का घालवावा? जो तास लिहिण्यात गेला तो एखाद्या बाळाचा नव्हता काय? ही शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचे उत्तर इतिहासातून द्यावयास हवे.

तुटलेल्या अन्ननलिकेचे स्पष्ट वर्णन इंग्लंडमधील टॉमस गिब्सन या वैद्याने १६९७ मध्ये केले. तिची दोन टोके एकाच शस्त्रक्रियेत जोडून बाळ वाचवण्याचा पहिला मान अमेरिकेतील कॅमेरॉन हाइट यांना मिळाला तो १९४१ मध्ये. मधल्या जवळपास अडीच शतकांत असे जवळजवळ प्रत्येक बाळ मरत गेले, आणि कुणी ना कुणी त्या मरणाची नोंद करीत गेले. डेन्मार्कच्या हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी आतड्याच्या ज्या विकाराचे वर्णन १८८६ मध्ये बर्लिन येथे मांडले, त्यावर मूलगामी शस्त्रक्रिया ऑर्व्हर स्वेन्सन यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. तोंडाने काहीच घेऊ न शकणाऱ्या बाळाला शिरेतून संपूर्ण पोषण देऊन वाढवता येते, हे फिलाडेल्फियात स्टॅन्ली ड्युड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले. आज साधनसंपन्न रुग्णालयांत तुटलेल्या अन्ननलिकेची शंभरातील नव्वदांहून अधिक बाळे जगतात. जगणाऱ्या या प्रत्येक बाळामागे, ज्यांच्या मृत्यूची कुणीतरी प्रामाणिकपणे नोंद केली अशी अनेक बाळे उभी आहेत.

हे संशोधन केवळ धनाढ्यांच्या प्रयोगशाळांत झाले असेही नाही. बुजलेल्या पित्तनलिकांवरची शस्त्रक्रिया मोरिओ कासाई यांनी १९५५ मध्ये जपानमधील सेंदाई या शहरात प्रथम केली. तेव्हा जपान युद्धाच्या विध्वंसातून नुकताच सावरत होता. कासाई यांनी १९५९ मध्ये आपला अनुभव जपानी भाषेत लिहिला. इंग्रजीत तो १९६८ मध्ये आला, आणि मग जग त्यांच्याकडे वळले. आज ही शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते, आणि पहिल्या दोन महिन्यांत केली तर तिचा उपयोग सर्वांत अधिक होतो. गुदद्वाराच्या व्यंगावरची आजची प्रचलित शस्त्रक्रिया आल्बेर्तो पेन्या यांनी १९८० मध्ये मेक्सिको सिटीत प्रथम केली. जेथे रुग्ण अधिक तेथे अनुभव अधिक, आणि जेथे अनुभव अधिक तेथून ज्ञान निघाले पाहिजे, अशी अपेक्षा मुंबईने स्वतःकडूनही धरावयास हवी.

आता अलीकडचा हिशेब पाहू. अन्नमार्गाची व तत्सम जन्मजात व्यंगे असलेल्या ३८४९ बाळांची माहिती ७४ देशांतील २६४ रुग्णालयांतून गोळा करून ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. श्रीमंत देशांत शंभरातील सहाहून कमी बाळे दगावली. भारत ज्या गटात मोडतो त्या मध्यम उत्पन्नाच्या देशांत शंभरातील वीस दगावली. गरीब देशांत चाळीस. व्यंगे तीच होती. फरक पाडणारी कारणे होती ती रुग्णालयात पोहोचेपर्यंत बाळाच्या रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, गरज असताना न मिळालेला व्हेंटिलेटर, शिरेतून पोषण देण्याच्या सोयीचा अभाव, शस्त्रक्रियेपूर्वीची सुरक्षा-तपासणी न होणे. ही माहिती पुराव्यानिशी हाती येताच दया कोठे खर्च करावी हे कळते.

न मोजल्याचा परिणामही आपल्याला ठाऊक आहे. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघर येथे झाला. मुलांच्या तपासणीची ही योजना मोलाची आहे. परंतु जन्मजात व्यंगांच्या तिच्या मूळ यादीत दुभंगलेले ओठ, वाकडी पावले, हृदयाचे दोष, मोतीबिंदू आणि बहिरेपणा आहेत; अन्नमार्गाच्या व्यंगांचे नाव नाही. पायाच्या वा ओठाच्या व्यंगाचे मूल वर्षानुवर्षे गावात दिसत राहते. आतड्याच्या व्यंगाचे बाळ पहिल्या आठवड्यातच जाते, आणि ‘उपजत अशक्त होते’ एवढेच त्याच्यामागे बोलले जाते. जे मेले ते यादीत आले नाहीत, आणि यादीत नाहीत म्हणून पुढची वाचली नाहीत. म्हणून या क्षेत्रात नोंद ठेवणे हे दयेचे कृत्य आहे असे म्हणावेसे वाटते. पुरलेल्याला नाव देण्यासारखे आणि न जन्मलेल्यासाठी दिवा लावण्यासारखे.

अर्थात या दयेलाही मर्यादा हव्यात. बाळ स्वतः संमती देऊ शकत नाही. विज्ञानाचे हित आणि समाजाचे हित ही दोन्ही थोर असली तरी त्यांच्यासाठी माणसाला साधन करता येत नाही, हे पोप बारावे पायस यांनी १९५२ मध्येच वैद्यकीय संशोधकांसमोर स्पष्ट केले होते. हेलसिंकी घोषणेने आणि आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पालकांची समजून-उमजून दिलेली संमती आणि नीतिसमितीची देखरेख आवश्यक ठरवली आहे. साकीनाक्याच्या एखाद्या कामगाराच्या हाती इंग्रजी कागद देऊन, येथे सही करा, असे सांगणे ही संमती नव्हे. त्याच्या भाषेत, त्याच्या शेजारी बसून समजावून सांगण्यास अर्धा तास लागतो. तो अर्धा तास हाही संशोधनाचाच भाग आहे. संत जुझेप्पे मोस्काती यांचे स्मरण येथे उचित ठरेल. नेपल्सचे हे डॉक्टर संशोधक होते, अध्यापक होते, आणि गरिबांच्या घरी जाऊन विनामूल्य उपचार करणारेही होते. १९८७ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले, तेव्हा या तिन्ही कामांत विरोध नाही हेच जणू सांगितले.

या सर्व खटाटोपाच्या मुळाशी एक प्रश्न आहे: इतक्या लहान, इतक्या सदोष जिवासाठी एवढे करावे काय? १९८२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील ब्लूमिंग्टन येथे डाउन सिंड्रोम असलेले एक बाळ तुटलेल्या अन्ननलिकेसह जन्मले. शस्त्रक्रियेने अन्ननलिका जुळवता आली असती. पालकांनी नकार दिला, न्यायालयाने तो मान्य केला, आणि सहा दिवसांत बाळ अन्नपाण्यावाचून गेले. पुढे अमेरिकेचे सर्जन जनरल म्हणून या प्रश्नावर आवाज उठवणारे सी. एव्हरेट कूप हे स्वतः बालशल्यचिकित्सक होते. अशी शेकडो बाळे त्यांनी हाताळली होती. ज्या शस्त्रक्रियेस सुदृढ बाळाच्या बाबतीत कुणी नकार दिला नसता, ती केवळ मतिमंदत्वाच्या शक्यतेमुळे नाकारणे, ही जिवाची किंमत ठरवणे होय. ख्रिस्ती अंतःकरणाला हे मान्य होणार नाही.

आपल्याकडे हाच नकार निराळ्या रूपांत येतो. मुलगी आहे, पोटावर शौचाची पिशवी लावून वाढणार, उद्या तिच्याशी लग्न कोण करील? घरी आणखी दोन मुले आहेत, कर्ज किती काढायचे? हे प्रश्न विचारणारे आईवडील निर्दय नसतात. ते एकटे पडलेले असतात. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये साधारण आणि असाधारण उपायांतला भेद सांगितला. जे उपाय रुग्णावर व त्याच्या कुटुंबावर असह्य भार टाकतात ते करणे बंधनकारक नाही. कधी कधी बाळाची अवस्था अशी असते की थांबणे हाच प्रेमाचा मार्ग ठरतो, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनीही १९९५ च्या आपल्या परिपत्रकात हे मान्य केले आहे. पण येथे एक गोष्ट विसरली जाते. भार असह्य आहे की नाही, हे तो उचलायला किती हात आहेत यावरही ठरते. एका कुटुंबाला जे असाधारण वाटते, ते समाजाने हात दिला तर साधारण होते. म्हणजे बाळाला जगण्याचा प्रयत्न लाभेल की नाही, याच्या उत्तरात आपलाही वाटा असतो.

कुणी विचारील, एवढ्या पैशांत कितीतरी मुलांना लस टोचता आली नसती काय? शासनाने लसीकरणास अग्रक्रम द्यावा, यात वाद नाही. परंतु वर सांगितलेल्या बाळांना लागते ते काय? एक शस्त्रक्रिया, उबदार पेटी, प्रतिजैविके, स्वच्छ हात आणि काही आठवड्यांची जागृत शुश्रूषा. बदल्यात मिळते ते साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य. याला चैन म्हणता येणार नाही.

सर्वांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही, असा आपल्या समाजाचा अनुभव आहे. म्हणून ती नेमक्या शब्दांत सांगितली पाहिजे. पहिली गोष्ट ज्ञानाची. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली, तोंडाला सतत फेस आला, पहिल्या चोवीस तासांत काळसर शी झाली नाही, पोट फुगत गेले, शौचाची जागाच दिसली नाही, किंवा दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे आणि शी पांढुरकी राहिली, तर वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे. हिरव्या उलटीच्या बाबतीत तर काही तासांतच आतड्याला पीळ पडून ते मृत होऊ शकते. एवढे जरी आपल्या महिला मंडळांतून आणि विवाहपूर्व शिबिरांतून सांगितले गेले तरी काही बाळे वेळेवर पोहोचतील.

दुसरी गोष्ट आधाराची. परळला किंवा शीवला बाळ दाखल असताना आई बाकावर आणि बाप पदपथावर रात्र काढतो. एखाद्या धर्मग्रामाने दोन खोल्या, एका वेळचे जेवण आणि रक्तदात्यांची एक यादी एवढे सिद्ध ठेवले, तर तीही उतारशाळाच. जरीमरीला संत ज्यूड यांच्या नावाचे देवालय आहे. सर्व उपाय खुंटलेल्यांचा कैवारी म्हणून आपण त्यांचा धावा करतो. कैवाराचा काही भाग भक्तांनीही उचलावा.

तिसरी गोष्ट आपल्या मुलामुलींच्या वाटांची. शल्यचिकित्सक हा या कामातला एक जण. त्याच्याबरोबर नवजात विभागातली परिचारिका हवी, बाळांना भूल देणारा तज्ज्ञ हवा, पोटावरच्या पिशवीची निगा शिकवणारी हवी, आहारतज्ज्ञ हवी, आणि सर्व नोंदी नीट ठेवून त्यांतून अर्थ काढणारा संख्याशास्त्रज्ञही हवा. आपल्या समाजाने या देशाला कितीतरी परिचारिका दिल्या. पण निकालाच्या दिवशी त्यांच्या नावाने पेढे वाटल्याचे क्वचितच ऐकू येते. रात्री तीन वाजता बाळाच्या श्वासातला बदल प्रथम जिच्या ध्यानात येतो, ती हीच.

आणि त्या गुणवंत मुलीचे काय? तिच्यावर कोणतेच बंधन नाही काय? आहे, पण ते एवढेच: न पाहता निवड करू नये. शाखा ठरवण्यापूर्वी तिने एक महिना बालशल्यचिकित्सेच्या विभागात घालवावा. काचेच्या पेटीतल्या बाळाजवळ उभे राहावे. एखादे बाळ बरे होऊन घरी जाताना आणि एखादे न जाताना पाहावे. मग प्रार्थनापूर्वक निर्णय घ्यावा. ती दुसऱ्या वाटेने गेली तर तिला कुणी दोष देऊ नये. ती याच वाटेने निघाली, तर तिशीपर्यंत कमावत नाही म्हणून, लग्न लांबले म्हणून, फ्लॅट नाही म्हणून तिला घरात टोचून बोलले जाऊ नये. पाचारण तिला येते, पण ते पार पाडण्याचे बळ तिला घरातून आणि धर्मग्रामातून मिळायचे असते.

ओरिजेन, आंब्रोज, ऑगस्टिन या ख्रिस्तसभेच्या प्राचीन आचार्यांनी या दृष्टांताचा अर्थ लावताना शोमरोनी म्हणजे स्वतः प्रभू येशू, आणि उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभा, असे म्हटले आहे. तो अर्थ घेतला तर जखमी मनुष्य प्रभूने आपल्या दारी आणून ठेवला आहे, दोन दीनारही दिले आहेत, आणि वर जे लागेल ते परत येईन तेव्हा देईन असे सांगून तो पुढे गेला आहे. रखवालदाराने त्या वेळी काय उत्तर दिले, हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. खोली रिकामी आहे का, असा प्रश्न आज रात्री परळच्या दारात एखादा बाप विचारीत असेल. त्याचे उत्तर देण्यात आपलाही आवाज असला पाहिजे.